विषादावर वनौषधी : परंपरेचा दावा आणि प्रयोगशाळेची कसोटी



विषाद हा शब्द मराठी घरांना परिचित आहे तो मुख्यतः गीतेच्या पहिल्या अध्यायाच्या नावामुळे. रणांगणावर खचलेला अर्जुन कीर्तन-प्रवचनांतून पिढ्यान्‌पिढ्या श्रोत्यांसमोर उभा राहिला. त्यातून एक गैरसमजही नकळत रुजला, की विषाद म्हणजे कर्तव्याविषयीचा संभ्रम आणि योग्य उपदेश कानी पडला की तो निवळतो. आयुर्वेदाच्या आचार्यांची समज याहून वेगळी होती. चरकसंहितेत विषादाची गणना वातविकारांत केली आहे. रोग वाढविणाऱ्या गोष्टींत तर त्याला अग्रस्थान दिले आहे. मनाची ही अवस्था शरीराशी निगडित आहे आणि तिच्याकडे वैद्याने लक्ष दिले पाहिजे, ही जाण या देशात जुनी आहे. आधुनिक मानसोपचारशास्त्र ज्याला नैराश्य म्हणते तो आजार आणि चरकांचा विषाद तंतोतंत एकच, असे म्हणणे मात्र घाईचे ठरेल.

छत्रपती संभाजीनगरात आणि एकूणच मराठवाड्यात हा विषय ग्रंथापुरता राहिलेला नाही. कोरडवाहू शेती, कर्ज आणि लागोपाठचे दुष्काळ यांतून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे जे सत्र या भागाने पाहिले, त्यामागे केवळ मनाचा आजार होता असे कोणी म्हणणार नाही. पण उपचार न झालेले नैराश्य त्यांत अनेक ठिकाणी मिसळलेले होते, हेही नाकारता येणार नाही. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. सर्वेक्षणात असे आढळले, की नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. म्हणजे शंभर रुग्णांतले पंचाऐंशी कोणत्याही औषधाविना दिवस कंठतात.

अशा वेळी घरात काय घडते? आरंभी ‘मन घट्ट कर’ असे सांगितले जाते. मग लग्नाचा, जागा बदलण्याचा, देवदर्शनाचा उपाय सुचतो. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याची लाज वाटते. परंतु काष्ठौषधींच्या दुकानातून ब्राह्मीचे चूर्ण किंवा शंखपुष्पीचे सरबत आणण्याची लाज वाटत नाही. कारण ते आपले आहे, आजीच्या बटव्यातले आहे आणि ‘अपाय तरी नाही’ असा विश्वास आहे. या विश्वासात तथ्य किती, हे ठरविण्याची एक रीत आहे. त्या रीतीची सर्वांत बोधप्रद कथा मुंबईत घडली, म्हणून तिच्यापासून आरंभ करणे योग्य.

सर्पगंधा ही वनस्पती भारतीय वैद्यांना पुरातन काळापासून ठाऊक होती. बिहारमध्ये तर तिचे मूळ ‘पागल की दवा’ याच नावाने विकले जाई. १९३१ साली कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व उच्च रक्तदाब या दोहोंवर तिचा उपयोग होतो, असा निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमाँ सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी तिच्या मुळांतून अल्कलॉइडे वेगळी केली व एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून ‘अजमलीन’ हे नाव दिले. तरी जगाचे लक्ष गेले नाही. ते वेधले मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. त्यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवर सर्पगंधेचा प्रयोग केला, मोजमापे ठेवली आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ती मांडली. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने मुळांतून रेसरपीन हे द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळविले. १९५४ मध्ये अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिले. १९५७ साली वकील यांना अमेरिकेचा प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी पद्मभूषण. एवढा भाग व्याख्यानांतून अभिमानाने सांगितला जातो आणि सांगावाच.

पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. रेसरपीनचे मोठे डोस दीर्घकाळ घेणाऱ्या काही रुग्णांना तीव्र नैराश्य येऊ लागल्याच्या नोंदी १९५०च्या दशकात झाल्या. शास्त्रज्ञांनी कारण शोधले, तेव्हा हे द्रव्य मेंदूतील सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन आणि डोपामिन यांचे साठे रिकामे करते असे दिसले. स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसरपीनने निश्चल झालेल्या सशांना डोपामिनचे पूर्वद्रव्य टोचले, तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले. या मार्गावरील कामासाठी २००० साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. नैराश्यात ही द्रव्ये कमी पडत असावीत हे गृहीतक, ज्याच्यावर पुढची अनेक औषधे उभी राहिली, ते बऱ्याच अंशी या भारतीय मुळीच्या दुष्परिणामातून निघाले आहे. रेसरपीनमुळे खरोखर किती जणांना नैराश्य येत होते, याविषयी अलीकडच्या फेरतपासण्यांनी शंका घेतली आहे. गृहीतकही आता पुरेसे मानले जात नाही. पण शेकडो वर्षे परंपरेत असलेल्या, वैद्यांनी गौरविलेल्या वनस्पतीचा हा गुण परंपरेच्या नोंदींतून नव्हे, काटेकोर निरीक्षणातून पुढे आला, ही गोष्ट उरतेच.

आता प्रयोगशाळेकडे वळू. औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत, संभाजीनगरापासून नाशिक, पुणे, नागपूरपर्यंत, पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचा एक लोकप्रिय प्रकार म्हणजे ‘अमुक वनस्पतीच्या अर्काचा नैराश्यरोधी गुणधर्म’. कामाची पद्धत ठरलेली आहे. पाने किंवा मुळे सावलीत वाळवून भरड कुटतात, सॉक्सलेट उपकरणात अल्कोहोल वा अन्य द्रावकाने अर्क काढतात, द्रावक उडवून उरलेला घट्ट, चिकट गोळा तोलतात. मग पांढऱ्या उंदरांचे गट पाडले जातात : एकाला नुसते पाणी, एकाला इमिप्रामीन किंवा फ्लुऑक्सेटीन यांसारखे प्रस्थापित औषध, बाकीच्यांना अर्काचे वेगवेगळे डोस. प्राण्यांवरील अशा प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी लागते.

पुढची कसोटी फ्रेंच प्रयोगशाळांतून आलेली आहे. रॉजर पोर्सोल्ट यांनी १९७७ साली ती मांडली. उंदराला पाण्याने भरलेल्या उंच काचपात्रात सोडतात. बाहेर पडता येत नाही असे दिसल्यावर तो काही वेळाने हातपाय मारणे थांबवतो आणि नुसता तरंगत राहतो. सहा मिनिटांपैकी शेवटच्या चार मिनिटांत तो किती सेकंद निश्चल राहिला, हे घड्याळ लावून मोजायचे. इमिप्रामीन दिलेला उंदीर जास्त वेळ धडपडतो. अर्क दिलेला उंदीरही तसाच धडपडला, तर अर्कात नैराश्यरोधी गुण असावा, असा निष्कर्ष निघतो. दुसरी कसोटी १९८५ पासून रूढ झाली. तीत उंदराला शेपटीने टांगून हेच मोजतात. तिसरी जुनी आणि आपल्या दृष्टीने मोठी गमतीची आहे : उंदराला रेसरपीन देतात, त्याच्या पापण्या मिटतात, अंग थंड पडते, आणि चाचणीचे औषध ही लक्षणे उलटवते का ते पाहतात. सर्पगंधेने निर्माण केलेला आजार दुसऱ्या वनस्पतीने बरा होतो का, अशी ही परीक्षा.

या कसोट्यांत आपल्या अनेक वनस्पती उत्तीर्ण झाल्या आहेत. ब्राह्मी आणि अश्वगंधा यांवर बनारस हिंदू विश्वविद्यालयात काम झाले. ज्येष्ठमध, गुळवेल यांवर हरियाणातील हिसारला. नाशिकच्या पंचवटीतील एका फार्मसी महाविद्यालयातून २०१२ साली जास्वंदीच्या फुलांतील रंगद्रव्यांवरचा निबंध भारतीय औषधशास्त्राच्या नियतकालिकात आला. ही कामे प्रामाणिक आहेत, तरुण संशोधकांना हात बसविणारी आहेत. प्रश्न पुढचा आहे. पाण्यात हातपाय मारणे थांबविणारा उंदीर हताश झालेला असतो, की शक्ती वाचवीत असतो? उंदराला विषाद होतो का, हे तत्त्वज्ञांवर सोपवू. पण एवढे निश्चित, की या कसोटीत इमिप्रामीनचा एखादा-दुसरा डोस तासाभरात परिणाम दाखवतो, आणि माणसात तेच औषध जाणवण्याइतका गुण द्यायला दोन ते चार आठवडे घेते. म्हणजे उंदरात जे मोजले जाते ते रुग्णाचे बरे होणे नव्हे. अर्क नुसता उत्तेजक असेल, तरी उंदीर जास्त पोहतो. चांगले संशोधक त्यासाठी उंदराची एरवीची हालचाल वेगळी मोजतात. घाईचे संशोधक मोजत नाहीत.

डोसाचा हिशेब तर वाचकाने स्वतः करून पाहावा. प्रबंधांत अर्काचा डोस बहुधा उंदराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे १००, २०० किंवा ४०० मिलिग्रॅम असतो. उंदराचा डोस माणसाला लावताना त्याला सुमारे १२ने भागण्याचा संकेत आहे. ४०० मिलिग्रॅमचे ३३ झाले. साठ किलो वजनाच्या माणसाला रोज सुमारे दोन ग्रॅम शुद्ध अर्क. शंभर ग्रॅम वाळलेल्या वनस्पतीतून दहा ग्रॅम अर्क निघतो असे धरले, तर रोजची वीस ग्रॅम वाळकी वनस्पती. घरोघरी चमचाभर चूर्ण घेतले जाते, त्याचा आणि त्या प्रबंधाच्या निष्कर्षाचा संबंध किती उरला?

याआधीचीही एक पायरी आहे आणि तीच बहुतेकदा निसटते : वनस्पती कोणती? शंखपुष्पी म्हणून कोठे विष्णुक्रांता घेतली जाते, कोठे तिच्याच कुळातील दुसरी वेल, तर केरळात गोकर्ण. ब्राह्मी म्हणून उत्तरेत आणि दक्षिणेत वेगवेगळ्या वनस्पती दिल्या जातात. महाराष्ट्रात पाणथळ जागेत पसरणारी बारीक पानांची नीरब्राह्मी आणि गोल पानांची मंडूकपर्णी यांची सर्रास गल्लत होते. चरकांनी वनस्पतींची नावे आणि रूपे गुराखी, मेंढपाळ व वनवासी यांच्याकडून जाणून घ्यावीत असे सांगितले, आणि लगेच बजावले की नाव-रूप कळले म्हणजे औषध कळले असे नव्हे. न जाणलेले औषध विषासारखे, शस्त्रासारखे असते. संभाजीनगरला या बाबतीत मोठे देणे लाभले आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या, आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव धारण करणाऱ्या मराठवाडा विद्यापीठात प्रा. वसंत नाईक यांनी आयुष्यभर या प्रदेशाच्या वनस्पती गोळा केल्या, ओळखल्या आणि १९९८ साली ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा द्विखंडात्मक ग्रंथ सिद्ध केला. गौताळ्याच्या जंगलातून आणलेली फांदी नेमकी कोणती, हे ठरविण्याचा आधार या शहरात तयार आहे. असे काम करणाऱ्यांचा सत्कार क्वचितच होतो. पण त्याच्याविना पुढची सारी प्रयोगशाळा वाळूवर उभी राहते.

‘अपाय तरी नाही’ या समजुतीचे उत्तर मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातून मिळाले. तेथे शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी आयुर्वेदाच्या संशोधनाचे केंद्र उभे केले. गुळवेलीवरचे त्यांचे काम प्रसिद्धच आहे. आयुर्वेदाविषयी आस्था असणाऱ्या याच संस्थेतून १९९२ साली एक निबंध आला. अपस्माराच्या दोन रुग्णांचे झटके फेनिटॉइन या औषधाने आटोक्यात होते. शंखपुष्पीयुक्त सरबत सुरू केल्यानंतर ते पुन्हा येऊ लागले. उंदरांवर पडताळले, तेव्हा हे अनेक वनस्पतींचे मिश्रण वारंवार दिल्यास रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण उतरते असे दिसले. शंखपुष्पी वाईट, असा याचा अर्थ नाही. तिच्यात गुण आहे, परिणाम घडविण्याची शक्ती आहे, म्हणूनच ती दुसऱ्या औषधाशी झगडू शकते. जे निरुपद्रवी असते ते बहुधा निरुपयोगीही असते.

युरोपात हाच अनुभव हायपेरिकम या पिवळ्या फुलांच्या झुडपाने दिला. जर्मनीत नैराश्यावर ते सर्रास दिले जाई. २००० साली आढळले, की त्यामुळे एड्सवरील इंडिनाविर या औषधाचे रक्तातील प्रमाण घसरते. हृदयरोपण झालेल्या रुग्णांत शरीराने नवे हृदय नाकारू नये म्हणून दिलेले औषध निष्प्रभ झाल्याच्याही घटना नोंदल्या गेल्या. गुणाची परीक्षा २००२ साली अमेरिकेत झाली. मध्यम ते तीव्र नैराश्याच्या ३४० रुग्णांचे तीन गट केले. पूर्ण प्रतिसाद हायपेरिकमच्या गटात २३.९ टक्के, सर्ट्रालीन या प्रस्थापित औषधाच्या गटात २४.८ टक्के, आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत ३१.९ टक्के! झुडपाचे समर्थक यावर म्हणाले की प्रस्थापित औषधही हरले, तेव्हा चाचणीच फसली. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. सौम्य आजारात हायपेरिकम उपयोगी पडते असे सांगणाऱ्या अन्य चाचण्याही आहेत. पण साखरेच्या गोळीने बरे वाटणाऱ्यांचे प्रमाण या आजारात इतके मोठे असते, की ‘आमच्या शेजाऱ्यांना गुण आला’ या साक्षीला फार वजन देता येत नाही.

हळदीचे उदाहरण घरचे आहे. भावनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नैराश्याच्या ६० रुग्णांना तीन गटांत विभागून सहा आठवडे औषध दिले. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फ्लुऑक्सेटीन घेणाऱ्यांत ६४.७ टक्क्यांना, हळदीतील कर्क्युमिन घेणाऱ्यांत ६२.५ टक्क्यांना आणि दोन्ही घेणाऱ्यांत ७७.८ टक्क्यांना गुण आला. वृत्तपत्रांना मथळा द्यायला हे आकडे पुरेसे आहेत. बारकाईने वाचणाऱ्याला मात्र दिसेल, की एकेका गटात वीसच रुग्ण, गटांतील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला न उतरणारा, आणि साखरेच्या गोळीचा गट मुळात नाही. हळदीने काही घडले की सहा आठवड्यांच्या काळाने व डॉक्टरांच्या आपुलकीने, हे या चाचणीतून सांगता येत नाही. आशा धरायला जागा आहे, एवढेच.

मग करायचे काय? मुंबईचे डॉ. अशोक वैद्य यांनी यावर एक मार्ग दाखविला. परदेशी कंपनी द्रव्यापासून आरंभ करते : आधी रसायन, मग उंदीर, शेवटी माणूस. आपल्याकडे वैद्य शतकानुशतके माणसांना औषध देतच आहेत. तेव्हा आरंभ रुग्णापासून करावा; वैद्याच्या रुग्णांत काय घडते याची आधी शिस्तीने नोंद घ्यावी, मग मोजक्या रुग्णांत डोस आणि सुरक्षितता तपासावी आणि कारण शोधण्यासाठी प्रयोगशाळेत जावे. या उलट्या प्रवासाचे बीज सर्पगंधेत आहेच. २०१५ साली केंद्र सरकारने वनस्पतिजन्य औषधांसाठी नियमांत वेगळा वर्ग केला. किमान चार घटकांचे मोजमाप दिलेल्या प्रमाणित अर्काला आता आधुनिक औषधाप्रमाणे परवाना मागता येतो. वाट मोकळी आहे. चालणारे कमी आहेत.

संभाजीनगरात यासाठी लागणारे सारे एका रिक्षाच्या अंतरात आहे. वनस्पती ओळखणारे विद्यापीठ आहे, शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आहे, १९५६ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे घाटी रुग्णालय आहे, कांचनवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे. प्रत्येक ठिकाणी दरवर्षी स्वतंत्र प्रबंध होतात, बांधले जातात आणि कपाटात जातात. साखरेच्या गोळीने ३५ टक्के आणि औषधाने ५० टक्के रुग्णांना गुण येईल असे धरले, तर हा फरक विश्वासाने दाखवायला प्रत्येक गटात सुमारे १७० रुग्ण लागतात. एका विद्यार्थ्याच्या दोन वर्षांत हे होणारे नाही. चार संस्थांनी एकच वनस्पती, एकच प्रमाणित अर्क आणि एकच आराखडा ठरवून पाच वर्षे काम केले, तर होण्यासारखे आहे. चरकांनी मेध्य रसायने म्हणून ज्या चार वनस्पती सांगितल्या, मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी, त्यांपैकी एकीपासून आरंभ करायला हरकत नाही. निष्कर्ष विरुद्ध गेला तरी तो छापण्याची तयारी हवी. चाचणी सुरू होण्यापूर्वीच राष्ट्रीय नोंदवहीत तिची नोंद करण्याचा नियम त्यासाठीच आहे.

तोपर्यंत घरातील माणसांनी काय करावे, हा प्रश्न अधिक निकडीचा. सलग दोन आठवडे कशातच रस वाटत नाही, झोप व भूक हरपली आहे, आपण ओझे झालो आहोत असे कोणी बोलू लागले आहे, तर ब्राह्मीचा गुण येण्याची वाट पाहू नये. घाटीत मानसोपचार विभाग आहे. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. मरणाची भाषा कानी आली, तर त्या माणसाला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशकाचा डबा कुलपात घालावा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. डॉक्टरांनी दिलेली गोळी चूर्णाच्या भरवशावर परस्पर थांबवू नये. एकदम थांबविल्याने त्रास होतो, आजारही उलटतो. चूर्ण, काढा, सरबत चालू असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. अश्वगंधेनेही क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. तपासणीला जाताना औषधांच्या पिशवीत चूर्णाचा डबाही टाकावा आणि त्यावरील नाव केसपेपरावर लिहून घेण्याचा आग्रह धरावा. वैद्यांकडे गेल्यास त्यांनाही आधुनिक गोळ्यांची चिठ्ठी दाखवावी.